टाकीतलं लेह

आमच्या जिल्ह्याला निसर्गाने हात सैल सोडून दिलं आहे. धान दिलं, तलाव दिले, जंगल दिलं, डास तर न मागता दिले. फक्त चढ द्यायचा राहिला. डोंगर पाहायचाच असेल तर दरेकशाच्या बाजूला जावं लागतं, आणि तिथेही तो गाडीच्या खिडकीतून, हातातला चहा संपायच्या आत उरकतो. अशा जिल्ह्यात जन्मून एका माणसाने उभी नोकरी ‘डोंगरावर इंजिनाचं कसं होईल’ या काळजीत काढली.

हे गृहस्थ आमच्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचे निदेशक होते. आयटीआय कुठली ते सांगत नाही. अर्जुनी मोरगावकडे जाणाऱ्या गाडीने जाता येतं, एवढं पुरे. पोरं त्यांना पाठीमागे ‘हवावाले सर’ म्हणत, आणि समोरही म्हणत, कारण समोर म्हटलेलं त्यांना ऐकू येत नसे. डावा कान इंजिनांनी खाल्ला होता. उजवा बऱ्यापैकी शाबूत होता, पण तो ते मर्जीने उघडत. प्राचार्यांच्या भाषणाला तो उघडलेला कोणी पाहिला नाही.

मी तिथे गणित शिकवायचो. म्हणजे सकाळच्या गाडीने गोंदियाहून यायचो आणि पाच दहाच्या गाडीने परत जायचो. मधल्या वेळात जे काही होईल त्याला शिकवणं म्हणायची पद्धत होती. पाच दहाची गाडी हा माझ्या आयुष्याचा कणा होता. सत्कार असो, भांडण असो, वर्गणी असो, ‘माझ्या गाडीची वेळ झाली’ एवढं म्हटलं की मी मोकळा. सर मला नावाने कधी हाक मारत नसत. ‘गोंदियावाले’ म्हणत, आणि त्यात ‘पळपुटे’ हा अर्थ आपोआप यायचा.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसे. हवेचा दाब दाखवणारा एक गोल काटा असे, भंगारातून मिळवलेला. आमची स्टाफरूम पहिल्या मजल्यावर. सर जिना चढून आले की काटा बाहेर काढत. “बारा फूट वर आलो, गोंदियावाले. तुमाले काही फरक वाटून राहिला का?”

“वाटतोय की. भूक लागली.”

“लागनारच. हवा पातर झाली.” पातर म्हणजे पातळ; काटा मात्र जागचा हललेला नसे. पण तो हलला आहे असं सरांचं मत पडलं की काट्याचा इलाज नव्हता.

त्यांची काही वचनं पोरांनी वर्कशॉपच्या दाराच्या मागे खडूने लिहून ठेवली होती. ‘इंजिनाले हवा कमी पडली का ते धूर सोडते, माणसाले कमी पडली का भाषन देते.’ हे प्राचार्यांनी वाचलं आणि पुसायला लावलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा होतं, जरा मोठ्या अक्षरात.

सरांचं घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. पणजोबांनी बांधलेल्या तलावावर आजही चार गावांचं धान पिकतं, आणि हे ऐकल्याशिवाय सरांच्या घरी कोणाला चहा मिळत नसे. पणजोबांनी पाणी अडवलं, आजोबांनी त्याची पाळ, म्हणजे बांध, राखली. आणि या थोर परंपरेत सरांनी मोठ्या मेहनतीने काय उभं करावं? एक टाकी, जिच्यात काहीच नसावं.

ती टाकी म्हणजे एका राइस मिलमधली धान उकडायची जुनी टाकी. मिलवाल्याने ती फुकट दिली. नेण्याचा खर्च वाचला म्हणून तोच खूश. नंतर तिच्या जोडीला एक लहान टाकी आली. मग आले दूध काढायच्या मशीनचे दोन पंप. कुठल्याशा योजनेत ही मशीनं अशा एका गावाला मिळाली होती, जिथली गाय दिवसाला तांब्याभर दूध देते, तेही मूड असला तर. गायींनी मशीनकडे पाहिलं, मशीनने गायींकडे पाहिलं, आणि योजना संपली. पंप मात्र कोरे होते. सरांनी काटा लावून पाहिलं आणि वर्गात जाहीर केलं की गायीच्या थानाला मशीनची जेवढी ओढ लागते, तेवढ्या ओढीत माणूस लेहच्याही वर पोचतो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या गायीला होत्या की लेहला, ते कळलं नाही.

आता ही भानगड नेमकी काय होती ते सांगतो, कारण मलाही ती सहा महिन्यांनी कळली. इंजिन बाहेरच उभं. त्याचं नाक लहान टाकीत आणि धुराडं मोठ्या टाकीत. लहान टाकीची तोटी आवळली की इंजिनाला श्वास घ्यायला हवा कमी. मोठ्या टाकीतला धूर पाण्याच्या ड्रमातून गार करून दुधाचे पंप ओढून घेणार, आणि खिडकीबाहेरच्या नळीतून सोडून देणार. मी एकदा शहाणपणाने विचारलं, की नुसतं नाक दाबलं तर भागणार नाही का? सरांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी आयटीआयचं गणित नव्हे, पाढेही विसरलो.

“नाक दाबल्यानं डोंगर होत नाही गा. डोंगरावर धुराड्याच्या बाहेर बी हवा कमीच राहते ना? आत बी पातर, बाहेर बी पातर. अर्ध लेह करून काय फायदा?”

गारठ्याचीही सोय होती. आत जाणारी हवा एका लोखंडी पेटीतल्या नळीतून यायची आणि पेटीत बर्फ भरलेला असायचा. तलावाची मासळी गोंदियाला पाठवणाऱ्यांकडून तो बर्फ येई, आणि येताना मासळीची आठवण घेऊन येई. लेहला वाम माशाचा वास येतो ही माहिती मला भूगोलाच्या कुठल्याही पुस्तकात मिळाली नव्हती.

आणि डोमाजी. डोमाजी आमचे शिपाई, आणि सरांच्या प्रयोगातलं सगळ्यात नाजूक उपकरण. टाकीचा सांधा कुठे गळतो हे शोधायला सर त्यांना विडी पेटवून सांध्यासांध्याजवळ धूर सोडायला लावत. धूर सरळ वर गेला तर सांधा पक्का, आत ओढला गेला तर गळती. भिंतीवर ‘येथे धूम्रपान करण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी, आणि पाटीखाली डोमाजी सरकारी वेळेत, सरकारी आज्ञेने विडी ओढतायत. “सर, अजून एक बंडल लागन,” ते गंभीरपणे म्हणत. “गरती लय आहे.”

प्राचार्यांचा टाकीला तसा काही विरोध नव्हता. ती तिथे असण्याला तेवढा होता. त्यांनी परिपत्रक काढलं, की वर्कशॉपमधील अनधिकृत टाक्या तपासणीपूर्वी हलवाव्यात, आणि अशा प्रयोगात सहभागी आढळणाऱ्या कर्मचाऱ्यांना ‘कारणे दाखवा’ नोटीस दिली जाईल. मी परिपत्रकावर लगेच सही केली. परिपत्रकांवर सही करण्यात माझा हात कोणी धरला नसता.

हे सगळं अजून वर्षानुवर्षं असंच चाललं असतं आणि आम्ही दुपारच्या डब्याबरोबर सरांना तोंडी लावत राहिलो असतो. पण एके दिवशी सुखदेवचा फोन आला.

सुखदेव दरेकशाचा. बाप जंगलात झाडांवरची लाख गोळा करणारा, आणि पोरगा सरांच्या हाताखाली तयार झालेला. इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगायचा. तो लेहच्या बाजूला रस्त्याचं काम करणाऱ्या एका कंपनीत मेकॅनिक म्हणून लागला होता. सरांकडे मोबाइल नव्हता, त्यामुळे फोन डोमाजींच्या मोबाइलवर आला, आणि डोमाजींनी तो स्पीकरवर टाकून सरांच्या उजव्या कानाला लावला. त्यामुळे सगळ्या वर्कशॉपने ऐकला.

मजुरांच्या कॅम्पातल्या जनरेटरवर एक इंजिन होतं, आपल्याकडे धानाच्या पंपावर असतं त्याच जातीचं. वर नेल्यावर ते काळा धूर ओकायला लागलं. सुखदेवने डिझेलचा पंप थोडा आवळला, धूर थांबला. पण दिवे आणि हीटर मिळून जेवढे चालायला हवेत तेवढे चालेनात. कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, याने पंपाला हात लावला म्हणून ताकद गेली.

“सर, थे म्हनतेत का मी इंजिन बिघडवलो. दाखल्यावर ‘कामात हयगय’ लिहून परत धाडून राहिले. मंग मले कोन घेईन, सर? या महिन्याच्या आखरीले खाली उतरवनार आहेत.”

सरांनी खिशातला काटा काढून पुसला. मला वाटलं ऐकू आलं नसेल. मग म्हणाले, “तू पंप किती आवरला?”

“दीड फेरा, सर.”

“बरोबर आवरला. दाखला घेऊ नको. कोनी काई लिहून देत असन तर हाती धरू नको. मी पाहतो.”

डोमाजींनी फोन बंद केला. सर टाकीकडे गेले आणि तिच्यावर दोन चापट्या मारल्या, बैलाला मारतात तशा. इतकी वर्षं लोक त्यांना विचारत होते की ही टाकी कशासाठी. आता उत्तर आलं होतं, आणि मला, खरं सांगतो, जरा धडकी भरली. खुळ्या माणसाच्या खुळावर हसणं सोपं असतं. त्याच खुळावर कोणाचं पोट अवलंबून राहिलं की तेच हसू जड जातं.

पहिली चाचणी भर एप्रिलात झाली. सुखदेवच्या बापाने पाठवलेली लाख सरांनी वितळवून प्रत्येक सांध्याला भरली होती. चकचकीत काम, एखाद्या दागिन्यासारखं. इंजिनाला जनरेटर, आणि जनरेटरवर मांडववाल्याचे दहा हॅलोजन. सपाटीवर दहाही जळत होते. आता लेहला नेलं की किती जळतात ते पाहायचं. पंप सुरू झाले, काटा खाली आला, सर्वांनी श्वास रोखला, आणि दहाच्या दहा हॅलोजन लखलखीत जळत राहिले. म्हणजे डोंगराने इंजिनाची ताकद जात नाही. म्हणजे सुखदेवच चुकला.

सरांचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही.

तेवढ्यात डोमाजी ओरडले, “सर, लाख गरून राहिली!” इंजिनाच्या गरमीने दोन्ही टाक्यांच्या सांध्यांतली लाख मऊ होऊन ओघळत होती आणि तिथून बाहेरची हवा बिनधास्त आत शिरत होती. काटा कधीच सपाटीवर परतला होता. आम्ही सगळे हॅलोजनकडे बघत बसलो होतो. जंगलात लाख पिकते म्हणून ती इंजिनाला लावायची, ही अक्कल फक्त आमच्याच जिल्ह्यात सुचू शकते. “लेह पातर होऊन सांडलं,” कोणीतरी पोरगं म्हणालं. हसणाऱ्यांत मीही होतो आणि गाडीची वेळही झाली होती.

दुसऱ्या दिवशी आलो तर सर धोतर खोचून वर्कशॉपमागे चिखल तुडवत होते. पणजोबांच्या तलावाची पाळ ज्या मातीने बांधली ती माती बैलगाडीतून आली होती. तिच्यात धानाच्या कोंड्याची राख. “माझा आजा पाळीची माती पायानंच तुडवायचा. ढेकूर पायालेच समजते, हाताले नाई.” चार दिवस तुडवून लोण्यासारखी झालेली ती माती गरम सांध्यांना लिंपली आणि वरून ओली पोती टाकली. शंभर वर्षं पाणी बाहेर जाऊ न देणारी माती आता हवा आत येऊ देणार नव्हती. डोमाजींच्या सहा विड्या सरळ वर गेल्या.

दुसऱ्या चाचणीला मी शेवटपर्यंत उभा होतो. डिझेलचा पंप पूर्ण सोडला, तर सात हॅलोजन जळाले; आठवा लावला की इंजिन मान टाकायचं. आणि धूर असा, की नळीच्या तोंडाशी धरलेला डोमाजींचा पांढरा पंचा काळा ठिक्कर. मग सरांनी पंप दीड फेरा आवळला. तेच सात हॅलोजन, आणि दुसरा पंचा जवळजवळ पांढरा. म्हणजे ताकद सुखदेवने घालवली नव्हती, उंचीने घालवली होती. त्याने फक्त धूर आणि नासाडी वाचवली होती. इतकं स्वच्छ उत्तर मला माझ्या गणितातही कधी मिळालं नाही.

सरांनी कागद तयार ठेवला होता. उंची, काटा, हॅलोजन, फेरे, सगळं लिहिलेलं. खाली ‘साक्षीदार एक’ आणि ‘साक्षीदार दोन’. डोमाजींनी पहिली सही केली. सरांनी पेन माझ्यापुढे धरलं.

मला ते परिपत्रक आठवलं. पेन्शनला उरलेली वर्षं आठवली. मी घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, “सर, माझ्या गाडीची वेळ झाली.”

सरांनी कागदाची घडी घातली. पेनाला टोपण लावलं. त्या दिवशी गाडी पाऊण तास उशिरा होती, आणि मी फलाटावर तो पाऊण तास उभा राहिलो.

डोमाजींनी कागदाचा फोटो सुखदेवला पाठवला. आठवड्याने ऑफिसचा फोन वाजला. प्राचार्य खुर्चीत, मी हजेरीपटापाशी, आणि सर कसल्याशा मागणीपत्रावर सही घ्यायला दारात उभे. फोन मी उचलला.

“लेह साइड से बोल रहा हूँ,” पलीकडून कंपनीचा इंजिनिअर म्हणाला. “ये जो टंकीवाला टेस्ट भेजा है, ये सच में हुआ है? कि लड़के ने अपने मास्टर से लिखवा लिया? एक गवाह चपरासी है, दूसरे का नाम ही नहीं।”

प्राचार्य माझ्याकडे पाहत होते. आवाज त्यांच्यापर्यंत पोचत होता. सरांना काहीच ऐकू येत नव्हतं, ते नुसता माझा चेहरा वाचत होते. ‘मुझे जानकारी नहीं’ हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. सरकारी नोकरीत ते पहिल्या आठवड्यात पाठ होतं.

“दूसरा गवाह मैं हूँ,” मी म्हणालो. “गणित पढ़ाता हूँ। पूरा टेस्ट मेरे सामने हुआ। नाम इसलिए नहीं है कि मेरी ट्रेन छूट रही थी।”

“ट्रेन?”

“हाँ जी। और डर भी लग रहा था।”

तो हसला. मग म्हणाला, “तो अभी दिखाओ। वीडियो पर।”

नेमके डोमाजी त्या दिवशी रजेवर. त्यांचा मोबाइलही त्यांच्याबरोबर रजेवर. तेव्हा मोबाइल माझा, आणि गळती तपासायची विडीही माझी. आयुष्यात पहिल्यांदा विडी ओढली, तीही ‘सक्त मनाई’च्या पाटीखाली, प्राचार्य दारात उभे असताना. खोकून खोकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सर शांतपणे म्हणाले, “हरू ओढा, गोंदियावाले. तुमच्या खोकल्यानं धूर हालून राहिला.”

पंप सुरू झाले. सात हॅलोजन. आठवा लावला, इंजिनाने मान टाकली. डिझेलचा पंप आवळला, तेच सात, धूर साफ. इंजिनिअरने आणखी दोनदा करायला लावलं. तिसऱ्या वेळी पाच दहाच्या गाडीची शिट्टी ऐकू आली. गाडी आली, थांबली आणि माझ्याशिवाय गेली. मग त्याने फोन दुसऱ्या कोणाला तरी दिला.

“सर,” सुखदेवचा आवाज होता. “साहेबानं दाखला फाडला. मी इथंच राहून राहिलो.”

“काय म्हनते?” सरांनी विचारलं. मी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं. सरांनी मान हलवली, दुसरीकडे तोंड केलं, आणि बर्फाच्या पेटीचं झाकण उगाच उघडून बघत राहिले. बराच वेळ. पेटीत बर्फ उरलाच नव्हता.

कंपनीने माफी मागितली नाही. कंपन्या मागत नसतात. मला ‘कारणे दाखवा’ मिळाली. मी सही करायला चाचणीचा तो कागद मागितला तेव्हा सरांनी सही करू दिली, पण ‘ठिकाण’ हा रकाना कोराच ठेवला. “ठिकान अजून पक्कं नाई. टाकीतलं लेह आन् खरं लेह एकच हाय का नाई, कोनं पाह्यलं?”

पुढच्या उन्हाळ्यात सुखदेव सुट्टीवर आला. त्याने सरांपुढे काचेची एक रिकामी बाटली ठेवली. तिचा पूर्वेतिहास तिच्या आकारावरून कळत होता. झाकणावर लाखेचा जाड थर.

“कॅम्पातून बंद करून आनली, सर. आत तिकडचीच हवा आहे. बापाची लाख थंडीत नाई गरत.”

सरांनी बादलीभर पाणी मागवलं. बाटलीवर पेन्सिलने खूण केली, तोंडाकडून एक तृतीयांशावर. म्हणाले, टाकीचा काटा खरा असेल तर इथपर्यंत पाणी चढेल. मग बाटली पाण्याखाली उलटी धरून झाकण काढलं. पाणी सर्रकन आत घुसलं, चढलं, आणि खुणेच्या एक बोट अलीकडे थांबलं.

सुखदेवचं तोंड उतरलं. मी म्हणालो, “सर, बोटभर चुकलं.”

“तिकडं हिवारा, इकडं उन्हारा. हवा फुगली. गोंदियावाले, तुमी गनितवाले ना? काढा.”

मी काढलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कोणी खरोखर गणित विचारलं ते एवढंच. उत्तर एक बोट आलं.

सर उठले, कपाटातून तो जुना कागद काढला, चष्मा पुसला आणि ‘ठिकाण’ या रकान्यात सावकाश लिहिलं: लेह. मग तो कागद मला वाचायला दिला, माझ्या सहीवर बोट ठेवून.

पुढच्या तपासणीआधी टाकी भंगारात गेली. मी अजूनही दरेकशाच्या वर कुठे गेलेलो नाही, आणि आता गुडघे जाऊ देणार नाहीत. नोकरीत हजारो सह्या केल्या, त्या सगळ्या सपाटीवरच्या. साडेतीन हजार मीटरवर माझी एकच सही आहे, आणि तीही वर्षभर उशिरा तिथे पोचलेली.